घर सोडून गेलेली माणसं: एक कोरं पोस्टकार्ड आणि तीस वर्षं

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं करत महिना गेला. घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

आमचे धाकटे काका १९९३ च्या श्रावणात घरातून गेले. सकाळी डेअरीला दूध घालून आले, किटली धुऊन ओट्यावर पालथी घातली आणि "सांगलीला जाऊन येतो" म्हणून एसटीत बसले. मी तेव्हा चौथीत होतो. काकू सत्तावीस वर्षांच्या, लग्नाला चार वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं.

काका एका पतसंस्थेत कारकून होते. हिशेबात चोवीस हजारांचा फरक निघाला आणि बोट त्यांच्याकडे गेलं. कुणी तक्रार केली नव्हती, नुसती कुजबुज होती. वाळव्याकडच्या आमच्या गावात तेवढी पुरते. दोन वर्षांनी लेखापरीक्षणात निघालं की रक्कम दुसऱ्याच खात्यावर चढली होती. संस्थेची माणसं घरी येऊन आजोबांच्या पाया पडून गेली. पण ज्याला हे सांगायचं त्याचा पत्ता कुणाकडे होता?

काकू माहेरी गेल्या नाहीत. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्या. कुंकू, मंगळसूत्र, वटपौर्णिमा, सगळं चालू. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही यावर बायका दबक्या आवाजात बोलायच्या, ते आम्हा मुलांनाही ऐकू यायचं.

मागच्या महिन्यात मध्य प्रदेशातल्या महेश्वरहून एका मुलाचा फोन आला. वय बावीस. त्याचे वडील गेल्या वर्षी माघात वारले. ट्रंक आवरताना तळाच्या वर्तमानपत्राखाली पंधरा पैशांचं एक पोस्टकार्ड सापडलं. पत्ता आमच्या आजोबांचा, अक्षर काकांचं. मजकुराची बाजू कोरी. त्या पत्त्यावरून ग्रामपंचायतीत विचारत विचारत तो माझ्यापर्यंत पोचला.

तिथे काकांचं नाव वेगळं, आडनाव वेगळं. कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. बायको, एक मुलगा. पोराला आमच्या गावाचं नावही माहीत नव्हतं.

तीस वर्षं माणूस दुसऱ्या नावानं कसा जगतो? काकूंना सांगू का? आणि सातबाऱ्यावर अजून काकांचं नाव आहे, त्याचं काय करायचं? ज्यांना काही माहीत असेल त्यांनी लिहा, ही विनंती.

---

सह्याद्री_४१

वाचून सुन्न झालो. पोस्टकार्डावर पत्ता लिहिला आणि पुढे हात चालला नाही. काकूंना माझा नमस्कार.

---

निवृत्त_हवालदार

दादा, मी बत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली. त्यातली सहा-सात वर्षं ठाण्यात 'मनुष्य मिसिंग'चं रजिस्टर माझ्याकडे होतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं थोडं उत्तर त्या रजिस्टरात आहे.

अठरा वर्षांच्या आतलं मूल हरवलं तर आता सरळ अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तसं बजावलं आहे. सज्ञान माणूस घरातून निघून गेला तर तो गुन्हा नाही. आम्ही नोंद करतो, फोटो आणि वर्णन घेतो, बिनतारी संदेश पाठवतो, आणि कुठे अनोळखी प्रेत सापडलं की आकस्मिक मृत्यूच्या नोंदीशी वर्णन ताडून बघतो. १९९३ साली हे सगळं कागदावर होतं. सांगलीच्या मिसिंगची खबर खरगोन जिल्ह्यातल्या ठाण्यात पोचायची शक्यता जवळजवळ नव्हतीच. काका लपले असं म्हणण्यापेक्षा त्यांना कुणी शोधू शकत नव्हतं, असं म्हणेन मी.

एक प्रसंग सांगतो. कल्याणच्या एका खानावळीत आम्हाला असाच एक माणूस सापडला. चार वर्षांपूर्वी घर सोडलेला. मोरीवर भांडी घासत होता. आम्ही मूळ नावानं हाक मारली तर हातातलं पातेलं तसंच धरून उभा राहिला. म्हणाला, "साहेब, घरी सांगा मी मेलो." मी म्हटलं, तसं लिहिता येत नाही बाबा. सज्ञान माणसाला आम्ही हाताला धरून घरी नेऊ शकत नाही. त्याचा जबाब घेतला: "मी सुखरूप आहे, स्वखुशीने राहतो, परत जाण्यास तयार नाही." पत्ता घरच्यांना द्यायचा नाही असं तो म्हणाला, तेही लिहिलं.

त्याच्या बायकोला ठाण्यात बोलावून हे सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "हे कागदावर लिहून मिळेल का?" आमच्या साहेबांनी लिहून दिलं. तिनं तो कागद ब्लाउजमध्ये ठेवला आणि गेली. त्या एका कागदाची किंमत मला त्या दिवशी कळली.

---

कृष्णाकाठचा

हवालदारसाहेब, काकूंकडे असा कागद कधीच आला नाही. माझं सगळं दुःख तेवढंच आहे. काका गेले याचा राग आता नाही. पण निरोप दोन्ही बाजूंनी जायला हवा होता. त्यांनी "जिवंत आहे" एवढं कळवलं असतं, तर आम्हाला "तुम्ही निर्दोष ठरलात" हे कळवता आलं असतं. त्यांनी तो आळ तीस वर्षं उगाच वाहिला.

मुलाशी परत बोललो. नवं नाव कसं झालं ते त्यानं आईला विचारून सांगितलं. काका आधी ट्रकवर हमाल म्हणून गेले, मग कापसाच्या हंगामात जिनिंगवर. हजेरीपटावर मुकादमानं विचारलं तेव्हा जे नाव तोंडात आलं तेच पुढे राहिलं. मालकाच्या शब्दावर रेशनकार्ड झालं, रेशनकार्डावरून मतदार यादीत नाव, त्यावरून बँकेचं खातं, आणि सगळ्यात शेवटी आधार. प्रत्येक कागद आधीच्या कागदाला साक्षीदार ठेवून झाला.

आणखी एक म्हणाला तो. वडिलांनी त्याला नर्मदेत पोहायला शिकवलं ते पाठीला सुका भोपळा बांधून. महेश्वरच्या घाटावर बाकीची पोरं ट्यूब घेऊन यायची, हा एकटा भोपळा घेऊन. मला काकांनी कृष्णेत असंच शिकवलं होतं. हे ऐकल्यावर मला दुसऱ्या पुराव्याची गरज उरली नाही.

---

विधिज्ञ_सोलापूर

भोपळा न्यायालयात चालणार नाही, पण तुमच्या भावना पोचल्या. कायद्याचं सांगतो, कारण काकूंच्या बाबतीत आत्तापर्यंत जे करता आलं असतं ते कुणी केलेलं दिसत नाही.

ज्या माणसाची खबर त्याच्या जवळच्या लोकांना सात वर्षं लागलेली नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. जुन्या पुरावा कायद्याचं हे १०८ वं कलम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १११ वं आहे. सात वर्षं झाली की माणूस आपोआप मेला असं होत नाही, न्यायालयात जाऊन तसं जाहीर करून घ्यावं लागतं. लोकांची इथेच फसगत होते.

दुसरी फसगत विम्याची. २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गृहीत धरायचं ते मृत्यू झाला एवढंच. कधी झाला, ते गृहीत धरता येत नाही. म्हणजे नवरा बेपत्ता झाला त्याच दिवशी वारला असं धरून पॉलिसीचे पैसे मागता येत नाहीत. मधल्या काळात हप्ते थांबले तर पॉलिसी बंद पडते. माझ्याकडे आलेल्या दोन बायकांची अशीच पडली. घरात चूल पेटायची मारामार असताना बेपत्ता नवऱ्याचा हप्ता कोण भरणार?

काकूंना घटस्फोटही मिळाला असता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये सात वर्षं जिवंत असल्याची खबर नसणं हे कारण दिलेलं आहे. त्यांनी मागितला नाही, तो त्यांचा अधिकार.

आता सातबारा. महेश्वरचा मृत्यूचा दाखला नव्या नावाचा, सातबारा जुन्या नावाचा. दोन्ही नावं एकाच माणसाची, हे तलाठी ठरवू शकत नाही. दिवाणी न्यायालयातून जाहीर करून घ्या. पोस्टकार्डावरचं अक्षर, दोन्हीकडचे फोटो, मुलाचं प्रतिज्ञापत्र, आणि लागलंच तर तुमच्या वडिलांची व त्या मुलाची डीएनए चाचणी.

वारसांबद्दल मन घट्ट करून वाचा. पहिलं लग्न कायम असताना झालेलं दुसरं लग्न रद्दबातल असतं, त्यामुळे महेश्वरच्या बाई कायद्यानं विधवा नाहीत. काकू आहेत. पण मुलगा कायद्याच्या नजरेत औरस आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं की अशा मुलाला वडिलांच्या हिश्श्यात वाटा आहे, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वडिलांच्या वाट्याला जे आलं असतं त्यातसुद्धा.

---

मालती_लातूर

वकीलदादा, हे कुणीतरी कितीतरी वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं मला. माझे मिस्टर २०११ ला गेले ते अजून नाहीत. बँकेत गेले की म्हणतात मृत्यूचा दाखला आणा. दाखला मागायला गेले की म्हणतात प्रेत कुठे आहे. मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात 'हयात' की 'मयत', त्यापुढे पेन थांबतं. सात वर्षं कधीच होऊन गेली. न्यायालयात गेले नाही, कारण तिथे मला शपथेवर म्हणावं लागेल की ते मेले. ते तोंडातून निघत नाही.

---

विधिज्ञ_सोलापूर

मालतीताई, 'ते मेले' असं शपथेवर म्हणावं लागत नाही. 'अमुक तारखेपासून त्यांची खबर नाही, आम्ही असा असा शोध घेतला', एवढंच म्हणायचं. ते तर खरंच आहे ना? पुढचं न्यायालय म्हणतं. मिसिंगच्या नोंदीची प्रत काढून ठेवा. मला निरोप पाठवा, तुमच्या जिल्ह्यातला भरवशाचा वकील सांगतो.

---

ओसाकाकर

जपानमध्ये पंधरा वर्षं आहे. इथे यासाठी शब्दच आहे, 'जोहात्सु'. मूळ अर्थ बाष्पीभवन. माणूस वाफ होऊन गेला. दरवर्षी पोलिसांकडे बेपत्ता माणसांच्या ऐंशी हजारांवर नोंदी होतात. त्यातली बहुतेक माणसं थोड्याच दिवसांत सापडतात. जी सापडत नाहीत, त्यांच्यात कर्जबाजारी, नोकरी गेलेले, परीक्षेत नापास झालेले, मार खाणाऱ्या बायका असे सगळे असतात. १९९० नंतर इथल्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला तेव्हा सावकारांच्या धाकानं कुटुंबंच्या कुटुंबं रात्रीतून गेली. तेव्हापासून 'योनिगे-या' हा धंदा माहीत झाला. रात्री ट्रक घेऊन येणार आणि पहाटेच्या आत बिऱ्हाड हलवून देणार.

कृष्णाकाठच्या काकांची गोष्ट वाचून मला इथलं कामागासाकी आठवलं. शिन-इमामिया स्टेशनाच्या पलीकडची रोजंदारीवाल्यांची वस्ती. हे नाव सरकारी नकाशावर नाही, सरकारनं १९६६ साली दुसरं नाव दिलं. तिथल्या स्वस्त लॉजमध्ये एक जण मावेल एवढी खोली मिळते आणि नाव कुणी खोदून विचारत नाही. मी एका संस्थेबरोबर थंडीत तिथे जेवण वाटायला जायचो. एक आजोबा नेहमी दोन डबे मागायचे. दुसरा कुणासाठी, हे मी एकदाच विचारलं. म्हणाले, मुलीसाठी. मुलगी कुठे आहे, हे त्यांना तीस वर्षं ठाऊक नव्हतं. तो डबा ते खोलीत समोर ठेवून मग जेवायचे.

इथले पोलीस गुन्हा किंवा अपघात नसेल तर सज्ञान माणसाच्या मागे लागत नाहीत. एटीएममधून पैसे कुठे काढले, हे घरच्यांना सांगत नाहीत. आणि इथल्या कायद्यातही मुदत सातच वर्षांची आहे. त्यानंतर कौटुंबिक न्यायालय माणूस मृत जाहीर करू शकतं.

अब्रू हा शब्द जपानीत सांगायला मला कधीच अडचण आली नाही.

---

जुनी_पाने

आपल्याकडे घर सोडून नवं नाव घ्यायची एक राजमान्य वाट होती, संन्यास. स्वतःचं श्राद्ध स्वतः करायचं, नाव टाकायचं, आणि घरच्यांच्या लेखी मरायचं. पण मागे राहिलेल्याची संमती त्यात लागायची, आणि ती न घेता गेलेल्या माणसाची कथा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. विठ्ठलपंत काशीला गेले आणि बायको नाही असं सांगून त्यांनी संन्यास घेतला. रुक्मिणीबाई इकडे आळंदीत अश्वत्थाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. गुरू तीर्थयात्रेला निघाले असता आळंदीत थांबले, या बाईंनी नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि मग सगळं उलगडलं. गुरूंनी विठ्ठलपंतांना परत संसारात धाडलं. पुढे समाजानं त्या घराचं काय केलं ते माहीतच आहे. ज्ञानोबा, निवृत्ती, सोपान, मुक्ता ही त्या परत आलेल्या माणसाची मुलं. ही कथा आपण मुलांसाठी सांगतो. प्रदक्षिणा घालणाऱ्या बाईंसाठी फारशी सांगत नाही.

आणि पार्वतीबाई. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते वारले हे पार्वतीबाईंनी मानलं नाही. कुंकू पुसलं नाही. त्या संशयाच्या फटीतून तोतया शिरला. भाऊ म्हणून मिरवणारा तो माणूस १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणात फौज जमवली, किल्ले घेतले, आणि पकडला जाऊन पुण्यात त्याला देहदंड झाला. पंधरा वर्षांनंतरही हजारो लोक 'भाऊसाहेब आले' म्हणून त्याच्यामागे गेले. खबर नसली की माणसं काय काय धरून बसतात, ते त्यात दिसतं.

कृष्णाकाठचा, तुमच्या काकूंकडे आता खबर आहे. ती तुम्ही अडवून धरली आहे. सांगा त्यांना.

---

रातराणी

सगळ्यांचं वाचलं. मला थोडं वेगळं म्हणायचंय.

निघून जाणारा प्रत्येक जण मागच्यांना दगा देतो, असं कृपा करून धरू नका. मी स्वतः एका रात्री निघाले. बरोबर मुलाची दप्तराची पिशवी आणि माझी गुणपत्रिका. कुठून, कुठे, ते लिहीत नाही. आज दुसऱ्या शहरात माहेरच्या नावानं राहते. ज्या घरातून निघाले तिथे 'सुखरूप आहे' असा निरोप पाठवला असता तर पोस्टाच्या शिक्क्यावरूनच शोधून काढलं असतं मला. एका महिला संस्थेतल्या ताईंनी सांगितलं, पोलिसांत आपणहून जाऊन जबाब दे, म्हणजे मिसिंगची नोंद बंद होईल आणि पत्ताही कळणार नाही. तेच केलं. हवालदारकाकांनी लिहिलेला कागद माझ्यासारखीला दोन्ही बाजूंनी वाचवतो.

माझी आई मात्र त्या घरच्यांच्या गावातच राहायची. तिला मी दोन वर्षं कळवलं नाही, तिच्या तोंडून निघेल म्हणून. ते मला आजही टोचतं. म्हणून कृष्णाकाठच्या पोस्टकार्डाचं वाचलं तेव्हा मी काकूंच्या जागीही होते आणि काकांच्याही.

---

निवृत्त_हवालदार

रातराणीताई, बरोबर केलंत. असा जबाब कुठल्याही ठाण्यात देता येतो, आपल्याच गावच्या ठाण्यात जायला हवं असं नाही. हे जास्तीत जास्त बायकांना माहीत व्हायला पाहिजे.

---

मीना_नेरळ

आमच्या शेजारी कर्जतला डॉ. भरत आणि स्मिता वाटवानींचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भरकटणाऱ्या मनोरुग्णांना आणून, उपचार करून ते घरी पोचवतात. डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे लिहायचं कारण, सगळे गेलेले ठरवून गेलेले नसतात. काहींचं नाव आजारानं पुसलेलं असतं. औषध लागू पडल्यावर एक दिवस माणूस अचानक गावाचं नाव सांगतो, शाळेचं सांगतो, आणि कार्यकर्ते त्याला घेऊन थेट त्या राज्यात जातात. दारात वर्षश्राद्ध झालेला मुलगा उभा.

मालतीताई, तुमच्या मिस्टरांची मनाची काही औषधं चालू होती का? असतील तर तिथे फोटो जरूर पाठवा.

आधारमुळेही माणसं सापडतात. नागपूरला एका अनाथ मानलेल्या मुलाची आधार नोंदणी सारखी फेटाळली जात होती. शेवटी कळलं की त्याच्या बोटांचे ठसे आधीच नोंदलेले आहेत, जबलपूरच्या पत्त्यावर. दहा वर्षांनी तो आईवडिलांकडे गेला. कृष्णाकाठच्या काकांच्या बाबतीत हे घडलं नसतं, कारण त्यांचं पहिलं आधारच नव्या नावानं झालं. एका शरीराची दोन आधार होऊ नयेत एवढंच यंत्र बघतं. त्याआधी तुम्हाला कोण काय हाक मारायचं, ते त्याला कुठून कळणार?

---

मालती_लातूर

मीनाताई, होती. झोपेची आणि आणखी एक. फोटो पाठवते. वकीलदादा, तुम्हालाही निरोप पाठवला आहे.

---

कृष्णाकाठचा

मंडळी, सांगितलं.

परवा दुपारी काकू सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसून फोडायला लागलो आणि सांगत गेलो. महेश्वर, जिनिंग, दुसरं नाव, बायको, मुलगा. त्यांचे हात थांबले नाहीत. टरफलं एकीकडे, दाणे सुपात.

सगळं झाल्यावर विचारलं, "कधी गेले म्हणालास?"

"गेल्या माघात."

थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे जेष्ठातली पौर्णिमा मी उगाच केली." मग सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. मी तिथेच बसून राहिलो. संध्याकाळची गाडी गावात येऊन गेली तरी आम्ही तसेच.

पतसंस्थेचं खरं काय ते काकांना कधीच कळलं नाही, यावर त्या जास्त रडल्या. दुसऱ्या बाईवर एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री जेवताना म्हणाल्या, "तिला तरी माहीत होतं का, मी आहे म्हणून?" मी मुलाला फोन लावून विचारलं. नव्हतं माहीत. "मग तिचं काय चुकलं," म्हणाल्या.

पोस्टकार्ड त्यांना हवंय. झेरॉक्स नाही, मूळ. वकीलसाहेब, न्यायालयात मूळ द्यावं लागलं तर ते परत मिळतं का, तेवढं सांगा.

वाट्याचं मीच काढलं. म्हटलं, कायद्यानं त्या मुलाचाही हिस्सा निघतो. काकू म्हणाल्या, जमिनीचं नंतर, आधी पोरगं बघू दे. "यात्रेला नको बोलावूस, माणसं तोंडाकडे बघत बसतील. यात्रा होऊन पाच-सहा दिवस जाऊ देत. आणि नदीला पाणी असताना येऊ दे म्हणावं."

तो पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला येतोय. माळ्यावरचा भोपळा काकूंनी काल खाली काढायला लावला. किडलेला निघाला. दुसरा वाळत घातलाय.